प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांचा डोळ्याचा पडदा का झिजतो?

मृण्मयी_क

औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्या होतात अशा एका प्रयोगशाळेत मी पॅथॉलॉजी बघते. दिवसभर समोर स्लाइडी, त्यातल्या बहुतेक रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांच्या. यकृत आणि मूत्रपिंड यांवर तासन्‌तास चर्चा होते, डोळ्याची स्लाइड मात्र यादीत शेवटी राहते आणि घाईघाईत उरकली जाते. मला ते खटकतं. रॅटच्या डोळ्याने गेल्या पंचाऐंशी वर्षांत जे शिकवलंय ते फार मोलाचं आहे, म्हणून हा धागा.

आधी समोर काय दिसतं ते सांगते. रॅटचा डोळा जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा. तो काढून साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर पडदा, म्हणजे रेटिना, मागच्या थरापासून सुटून येतो आणि हा आजार की आपल्याच हाताळणीचा परिणाम हे कळेनासं होतं. म्हणून आम्ही डेव्हिडसनचं द्रावण वापरतो, त्यात पडदा जागच्या जागी राहतो. मग डोळ्याच्या नसेतून जाणारा उभा छेद घ्यायचा, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचा. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची केंद्रकं जांभळ्या ठिपक्यांच्या ओळींसारखी दिसतात. निरोगी रॅटमध्ये अशा दहा-बारा ओळी. झिजलेल्या पडद्यात आठ, मग चार, मग एखादी तुटक ओळ. शेवटी तीही जाते आणि आतला थर थेट मागच्या रंजकपेशींना, म्हणजे पडद्याला पोसणाऱ्या मागच्या थरातल्या पेशींना, टेकतो. गंमत अशी की आतले थर, ज्यांतून मेंदूकडे संदेश जातो, ते तेव्हाही बऱ्यापैकी शाबूत असतात.

म्हणजे मेलं कोण हे मिनिटभरात कळतं. मारलं कुणी हे त्या स्लाइडवर लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की रॅटच्या बाबतीत हा शोध मरणाऱ्या पेशीपाशी थांबवला की बहुतेक वेळा चुकतो. आजूबाजूला बघावं लागतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण आरसीएस रॅटचं. १९३८ साली बॉर्न, कॅम्पबेल आणि टॅन्सली यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'मध्ये रॅटच्या एका वंशातल्या आनुवंशिक अंधत्वाची नोंद केली. हाच वंश पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नावावरून आरसीएस म्हणून जगभर गेला. पिल्लांचा पडदा सुरुवातीला नीट घडत जातो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बिघाड दिसायला लागतो आणि तीन महिन्यांपर्यंत प्रकाशग्राही पेशी जवळपास संपतात. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो.

१९६२ मध्ये डाउलिंग आणि सिडमन यांनी हे डोळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. दंडपेशी, म्हणजे मंद उजेडात बघायला लागणाऱ्या प्रकाशग्राही पेशी, मरत असतील तर त्यांच्यातलं रोडॉप्सिन, म्हणजे प्रकाश शोषणारं प्रथिन, कमी व्हायला हवं. इथे सुरुवातीला ते वाढलेलं होतं, जवळजवळ दुप्पट. दंडपेशींची टोकं आणि मागचा रंजकपेशींचा थर यांच्यामध्ये पापुद्र्यांचा ढीग साचला होता आणि ते जास्तीचं रोडॉप्सिन त्या ढिगात होतं. साहजिकच संशय दंडपेशीवर गेला, ती प्रमाणाबाहेर पापुद्रे तयार करते की काय म्हणून.

पुढच्या काही वर्षांत चित्र पालटलं. रिचर्ड यंग यांनी दाखवलं की निरोगी दंडपेशीसुद्धा रोज नवे पापुद्रे घडवते आणि जुने टोकाकडून टाकते. रॅटमध्ये साधारण दहा दिवसांत सगळा बाहेरचा भाग नवा होतो. टाकलेले पापुद्रे मागची रंजकपेशी गिळते आणि पचवते. मग हेरॉन यांच्या गटाने १९६९ मध्ये, आणि बोक व हॉल यांनी १९७१ मध्ये, किरणोत्सर्गी अमिनो आम्लं देऊन पापुद्र्यांचा माग काढला. आरसीएस रॅटमध्ये ते तयार होत होते, टोकाकडे सरकतही होते, पण रंजकपेशी त्यांना गिळतच नव्हती.

तरीही प्रश्न उरतोच. गिळणाऱ्यात दोष आहे, की पापुद्र्यांमध्येच असं काही आहे की ते गिळवत नाहीत? १९७६ मध्ये मलन आणि लव्हेल यांनी याचं उत्तर ज्या रीतीने काढलं ती मला आजही विलक्षण वाटते. त्यांनी आरसीएसचा भ्रूण आणि निरोगी रॅटचा भ्रूण अगदी सुरुवातीच्या अवस्थेत एकत्र केले. जन्मलेल्या पिल्लाच्या डोळ्यात दोन्हीकडच्या पेशी, ठिगळाठिगळांनी. रंगावरून कुठली रंजकपेशी कुणाची हे ओळखता येत होतं. जिथे रंजकपेशी आरसीएसची, तिथे समोरचा पडदा झिजलेला. जिथे ती निरोगी वंशातली, तिथे समोरच्या दंडपेशी टिकलेल्या. वाद मिटला. मरत होती दंडपेशी, दोष होता शेजारणीत.

जनुक सापडायला २००० साल उजाडलं. मर्टीके नावाच्या जनुकातला एक लहानसा तुकडा गळालेला निघाला. हे जनुक रंजकपेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन तयार करतं, आणि 'समोर आलेलं गिळ' हा इशारा पेशीच्या आत पोचवायला ते लागतं. त्याच वर्षी रेटिनायटिस पिग्मेंटोझा (आरपी), म्हणजे पडदा हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार, असलेल्या काही माणसांमध्येही याच जनुकात दोष सापडला.

उजेडामुळे होणारी झीज हा दुसरा मोठा विषय आहे. तो प्रतिसादांत येईलच, म्हणून इथे थांबते. आपल्यापैकी कुणी प्राण्यांवर काम करत असेल तर जरूर लिहा.

दिगंत

फार सुंदर लिहिलंय. म्हणजे गल्लीतल्या घरांमध्ये काही बिघडलेलं नाही, घंटागाडी यायची बंद झाली आणि दारात कचरा साठत गेला, असंच ना? एक शंका. साठलेल्या ढिगाने पेशी मरते कशी? नुसती अडचण होते, की काही विषारी तयार होतं?

मृण्मयी_क

दिगंत, उदाहरण चपखल आहे. दंडपेशींना रक्तपुरवठा थेट होत नाही. त्यांचा प्राणवायू आणि पोषण मागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून, रंजकपेशींच्या थरामधून येतं. मध्ये ढीग साचला की दंडपेशी त्या थरापासून दूर पडते. शिवाय त्या पापुद्र्यांत भरपूर असंपृक्त मेदाम्लं असतात, उजेड आणि प्राणवायू मिळाला की ती लवकर बिघडतात. म्हणूनच अंधारात वाढवलेल्या किंवा डोळ्यात रंगद्रव्य असलेल्या आरसीएस रॅटचा पडदा थोडा जास्त दिवस टिकतो. मूळ दोष तोच, पण भोवतालचा उजेड बदलला की वेग बदलतो.

आणखी एक. पापुद्रे टाकण्याची वेळ ठरलेली असते. रॅटमध्ये सकाळी दिवे लागले की थोड्याच वेळात ही क्रिया कळसाला पोचते, आणि काही दिवस पूर्ण अंधारात ठेवलं तरी त्याच वेळेला होत राहते. त्यामुळे एका प्रयोगातले काही प्राणी सकाळी नऊला आणि बाकीचे दुपारी तीनला मारले तर रंजकपेशींतला फरक औषधाचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. वेळ लिहून ठेवायलाच हवी.

फार्मसीवाला_नाशिक

ताई, उजेडाबद्दल लिहाच. एम.फार्म.ला असताना आमच्या ॲनिमल हाउसमध्ये विस्टर नावाच्या जातीचे पांढरे रॅट होते. पाच कप्प्यांचा रॅक, वर उघड्या ट्यूबलाइट. टायमर बिघडला की रात्रभर दिवे चालू राहायचे, कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही. माझा विषय स्मरणशक्तीवरचं औषध, पाण्यातला भूलभुलैया. वरच्या कप्प्यातल्या प्राण्यांना पाण्याखालचा मंच सापडायला नेहमी जास्त वेळ लागायचा. सगळे म्हणायचे 'प्राण्या-प्राण्यात फरक असतोच'. आता वाटतंय ते डोळ्यांचं तर नसेल?

मृण्मयी_क

अगदी असू शकतं, आणि हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. आता सविस्तर सांगते.

अमेरिकेत बफेलोला वर्नर नोएल यांच्या प्रयोगशाळेने १९६६ मध्ये एक निबंध छापला. तोपर्यंत उजेडाने डोळ्याला इजा म्हणजे सूर्याकडे बघणं किंवा वेल्डिंगची ठिणगी, असाच समज होता, म्हणजे उष्णतेने भाजणं. नोएल यांनी दाखवलं की खोलीतल्या साध्या फ्लूरोसंट दिव्यांचा उजेड सलग मिळाला तरी पांढऱ्या रॅटचा पडदा कायमचा खराब होतो. भाजल्याची खूण कुठेही नसते. हिरवट उजेड, म्हणजे रोडॉप्सिन जो सर्वात जास्त शोषतं तोच, जास्त घातक ठरला. शरीराचं तापमान थोडं वाढलेलं असेल तर इजा कितीतरी लवकर होते. पुढे त्यांनीच दाखवलं की 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या रॅटला हीच इजा कमी होते, कारण रोडॉप्सिनच कमी असतं.

म्हणजे दिव्याकडून पेशीपर्यंतची वाट रोडॉप्सिनमधूनच जाते. २००० मध्ये ग्रिम आणि सहकाऱ्यांनी माउसमध्ये, म्हणजे छोट्या जातीच्या उंदरात, यावर शिक्कामोर्तब केलं. आरपीई६५ हे जनुक नसलेल्या माउसमध्ये रोडॉप्सिन तयार होत नाही, आणि त्यांच्या पडद्याला उजेडाने इजा झाली नाही.

पांढऱ्या रॅटलाच हे का, तर त्याच्या बुबुळात रंगद्रव्य नाही. बाहुली कितीही आकुंचन पावली तरी उजेड बुबुळातून आरपार जातो, मागच्या थरातही तो शोषायला मेलॅनिन नाही. निशाचर प्राणी, पडद्यात दंडपेशीच दंडपेशी. अशा डोळ्याला आपण ट्यूबलाइटखाली पारदर्शक पिंजऱ्यात ठेवतो आणि लपायला जागा देत नाही.

आता तुमच्या रॅककडे येते. अमेरिकेच्या प्राणी-निगा मार्गदर्शिकेत खोलीसाठी जमिनीपासून मीटरभर उंचीवर सुमारे ३२५ लक्स पुरेसा उजेड मानलाय, आणि पांढऱ्या प्राण्यांना त्याहून कमी उजेडात ठेवावं असं स्पष्ट म्हटलंय. पण मोजमाप खोलीच्या मध्यावर आणि प्राणी वरच्या कप्प्यात दिव्यापासून हातभर अंतरावर. दोन्हींत अनेक पटींचा फरक पडतो. दोन-दोन वर्षं चालणाऱ्या चाचण्यांत फिशर जातीच्या रॅटमध्ये वरच्या रांगेत पडद्याची झीज आणि मोतीबिंदू जास्त, खालच्या रांगेत कमी, हे नोंदलं गेलंय. म्हणून पिंजरे ठरावीक काळाने वरून खाली फिरवतात. तुमच्या गटांत नियंत्रण गट खाली आणि औषधाचा गट वर, असं असेल तर निष्कर्षच उलटा येऊ शकतो.

स्लाइडवर ओळखायची एक खूण सांगते. उजेडाची इजा पडद्यावर सगळीकडे सारखी नसते. पांढऱ्या रॅटमध्ये वरचा अर्धा भाग आधी आणि जास्त झिजतो. औषधाची बाधा असेल तर बहुधा अशी वर-खाली तफावत दिसत नाही. म्हणून डोळा काढतानाच वरच्या बाजूला टाका घालून किंवा शाईने खूण करून ठेवावी. एकदा तो गोळा बाटलीत गेला की वर कुठलं आणि खाली कुठलं, कुणालाच सांगता येत नाही.

ओंकार_टोरांटो

मी इथे प्राण्यांच्या वर्तनावर काम करतो, थोडी भर घालतो. निरोगी पांढऱ्या रॅटची नजरही मुळात अधूच असते. २००२ साली प्रस्की आणि सहकाऱ्यांनी जातवार मोजमाप केलं. रंगीत डोळ्यांच्या रॅटला नजरेच्या एका अंशाच्या कोनात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची साधारण एक जोडी ओळखता येते, पांढऱ्यांना अर्धीच. माणसाला तीसच्या आसपास येतात. म्हणजे विस्टर घेऊन भिंतीवरच्या खुणा बघून वाट शोधायला लावणं हेच अवघड. त्यात वरच्या कप्प्यात महिनाभर राहिलेला प्राणी.

फार्मसीवाले, एक सोपा उपाय. त्याच हौदात मंच पाण्यावर आणून त्यावर झेंडी लावा. यात आठवणीचा प्रश्नच नाही, दिसलं की पोहत जायचं. जो प्राणी इथेही भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतो त्याच्या स्मरणशक्तीबद्दल काहीच बोलता येत नाही. हा भाग वगळून लिहिलेले निबंध अजूनही दिसतात आणि वाईट वाटतं, कारण त्यात प्राणी फुकट जातात.

खारीबिस्किट

बापरे. मग आपण रात्री अंधारात मोबाइल बघतो त्याचं काय? माझा मुलगा दहावीला आहे, रात्री दोनपर्यंत स्क्रीन.

मृण्मयी_क

खारीबिस्किट, यावरून घाबरू नका. रॅटवरच्या या प्रयोगांत रंगद्रव्य नसलेला डोळा, चोवीस तास किंवा जास्त सलग उजेड, काही ठिकाणी बाहुली मोठी करणारे थेंब, असं सगळं जमवून आणलेलं असतं. माणसाचं बुबुळ, पापणी, मान वळवणं, सगळं आपल्या बाजूचं आहे. मोबाइलच्या उजेडाने असा पडदा झिजतो असं या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. रात्री दोनपर्यंत जागण्याने झोपेचं नुकसान होतं, तेवढं कारण त्याला सांगायला पुरेसं आहे.

सौ_वैजयंती

मी पहिल्यांदाच इथे लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला आरपी आहे. विसाव्या वर्षी रात्री दिसायचं कमी झालं, आता चाळिशीत आहे आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. आमचे आईवडील आते-मामे भावंडं. डॉक्टर म्हणाले उपाय नाही. नातेवाईक रोज काहीतरी पाठवतात. मध्ये एकाने बातमी पाठवली की हळदीने उंदरांची नजर वाचली. त्यावरून भाऊ हळदीच्या गोळ्या घेतोय, महिन्याला बरेच पैसे जातात. ताई, तुम्ही म्हणालात तोच आजार का हा? आणि हळदीचं खरं आहे का?

मृण्मयी_क

वैजयंतीताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. सावकाश सांगते.

आरपी हा एकच आजार नाही. डझनावारी वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांमुळे शेवटी पडदा सारखाच झिजतो. कुणात मर्टीके, कुणात रोडॉप्सिन, कुणात आणखी काही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत दोन्हीकडून तोच दोष येण्याची शक्यता वाढते, पण म्हणून आईवडिलांना दोष देऊ नका. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत कितीतरी घरांत होती आणि बहुतेकांना काही झालं नाही.

हळदीची बातमी खोटी नाही, पण तिचा अर्थ वेगळा आहे. पी२३एच नावाचा एक रॅट आहे. माणसात १९९० मध्ये रोडॉप्सिनमधला जो पहिला दोष सापडला, तेवीसाव्या जागेवर प्रोलीनऐवजी हिस्टिडीन, तोच या रॅटमध्ये घातलाय. तिथे वेडंवाकडं दुमडलेलं प्रथिन पेशीत साचतं. २०११ मध्ये अशा रॅटना हळदीतलं कर्क्युमिन दिलं तेव्हा पडद्याची झीज कमी झाली. केशराबद्दलही २००८ मध्ये उजेडाने इजा केलेल्या पांढऱ्या रॅटवर असाच चांगला परिणाम दिसला होता. पण तुमच्या भावाचा दोष या जातीचा आहे की नाही हेच माहीत नाही. आईवडिलांना हा आजार नसेल आणि भावाला झाला असेल तर तो बहुधा दोन्हीकडून आलेला, पी२३एचपेक्षा निराळा असण्याची शक्यता जास्त. शिवाय कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी जातं. या बातमीवर महिन्याचे पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भाजीतली हळद खुशाल खाऊ दे. गोळ्या भरपूर मात्रेत बराच काळ घेतल्या तर काहींना यकृताचा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालाच.

रॅटवर सफल झालेले उपाय माणसात तसेच का उतरत नाहीत, हेही सांगते. मर्टीकेच्या बाबतीत रॅटमध्ये जवळजवळ सगळं जमलंय. १९८८ मध्ये ली आणि टर्नर यांनी निरोगी रंजकपेशींचं रोपण करून दंडपेशी वाचवल्या. २००१ मध्ये विषाणूच्या मदतीने चांगलं जनुक पोचवून रंजकपेशी पुन्हा गिळायला लागल्या. त्यानंतर रियाधमध्ये मर्टीकेचा दोष असलेल्या सहा रुग्णांवर जनुकोपचाराची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले. उपचार सुरक्षित ठरला. तिघांची दृष्टी सुधारली, पण त्यांतल्या दोघांचा फायदा दोन वर्षांत ओसरला. रॅटला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पेशी जिवंत असताना उपचार मिळतो. माणूस डॉक्टरकडे येतो तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात, आणि गेलेली पेशी जनुक देऊन परत येत नाही.

आरपीई६५ या जनुकासाठी मात्र २०१७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मंजुरी मिळाली. तो मार्ग रॅटमधून नाही, जन्मतः आंधळ्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांमधून आला. तिथेही मूळ दोष रंजकपेशीतच आहे, दंडपेशीत नाही.

म्हणून सगळ्यात आधी जनुक तपासणी. गोळ्यांचे पैसे तिकडे लावा.

रानवारा

विषय चांगला आहे, पण एक गोष्ट बोचते. पिढ्यान्‌पिढ्या आंधळे होणारे प्राणी मुद्दाम वाढवायचे, डोळ्यांत सुया घालायच्या, तासन्‌तास उजेडात ठेवायचं. आपल्याला हा हक्क कुणी दिला? पेशी काचेच्या बशीत वाढवून होत नाही का हे?

मृण्मयी_क

रानवारा, हा प्रश्न मला रोज पडतो आणि पडत राहायला हवा असं मी मानते.

रॅटचं जग मुख्यतः वासाचं आणि मिशांचं आहे. पिंजऱ्यात आरसीएस रॅट खातात, खेळतात, पिल्लं वाढवतात, बाहेरून बघणाऱ्याला ते आंधळे आहेत हे कळतही नाही. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. डोळ्यात सुई घालणं हे वेदनेचं काम आहे, तिथे भूल आणि वेदनाशामक याला पर्याय नाही. आपल्याकडे प्राण्यांशी क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखालची समिती आहे, प्रत्येक संस्थेत नैतिक समिती असते, प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय प्राणी मिळत नाही. या समित्या कागदापुरत्या राहू नयेत, एवढं आपल्या हातात आहे.

बशीत बऱ्याच गोष्टी होतात. रंजकपेशी वाढवून त्यांना पापुद्रे खायला देता येतात आणि किती गिळले ते मोजताही येतं. आता मूलपेशींपासून पडद्याचे छोटे गोळे तयार करतात. मर्टीकेसारखा प्रश्न आज पडला असता तर कदाचित रॅटशिवाय अर्धी वाट कापता आली असती. पण रक्तवाहिन्या, रात्र-दिवस आणि अख्खा पडदा बशीत अजून येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की जितके प्राणी वापरतो त्यांतला एकही चुकीच्या मांडणीमुळे वाया जाऊ नये. वरच्या कप्प्यातला रॅट दिव्याने आंधळा झाला आणि आपण औषधाबद्दल निष्कर्ष काढला, तर त्या प्राण्याचं मरण खरंच फुकट गेलं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

दिगंत

सुयांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. कुठेतरी वाचलं होतं की नुसती सुई टोचली तरी पडदा वाचतो. हे खरं की भाकड?

मृण्मयी_क

खरं आहे. १९९० मध्ये फॅक्टोरोविच, स्टाइनबर्ग, लव्हेल आणि सहकाऱ्यांनी आरसीएस रॅटच्या डोळ्यात एक वाढघटक, म्हणजे पेशींना जगायला मदत करणारं प्रथिन, टोचला आणि प्रकाशग्राही पेशींचं मरण लांबलं. 'नेचर'मध्ये आलं. तुलनेसाठी काही डोळ्यांत नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं किंवा कोरडी सुई. त्या डोळ्यांतही सुई गेली त्या जागेभोवती पेशी वाचल्या होत्या. पट्टा लहान, पण स्लाइडवर स्पष्ट. सुईच्या वाटेजवळ केंद्रकांच्या कितीतरी ओळी, थोडं बाजूला सरकलं की ओळी पातळ होत गेलेल्या.

जखम झाली की आजूबाजूच्या आधारपेशी स्वतःच संरक्षक द्रव्यं सोडतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. रंजकपेशीतला दोष होता तसाच होता, तरी शेजाऱ्यांची मदत मिळाल्यावर दंडपेशी काही काळ तगली. १९९२ मध्ये याच गटाने सतत उजेडात ठेवलेल्या रॅटवर एकामागून एक वाढघटक तपासले, त्यांतला एक सीएनटीएफ. मग सीएनटीएफ तयार करणाऱ्या पेशी बारीक कुपीत भरून डोळ्यात बसवायची युक्ती आली, ती आधी कुत्र्यांवर तपासली गेली. आरपीच्या रुग्णांमध्ये त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही. पण मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया नावाच्या दुसऱ्या एका पडद्याच्या आजारात झीज मंदावली आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत त्या कुपीला मंजुरी मिळाली. तुलनेच्या गटाकडे कुणी नीट बघितलं नसतं तर यातलं बरंच काही हुकलं असतं.

फार्मसीवाला_नाशिक

आमच्या जुन्या सरांशी बोललो. अजून तोच रॅक आहे. आता मी इंडस्ट्रीत असलो तरी शनिवारी लक्समीटर घेऊन जातोय. नेमकं कुठे मोजायचं?

मृण्मयी_क

पिंजऱ्याच्या आत, तळाशी, भुसा घातलेला असताना, आणि मीटरचं तोंड वर करून. प्रत्येक कप्प्यात पुढे, मध्ये, मागे. वरच्या कप्प्यावर अपारदर्शक झाकण टाका, तोवर प्राणी खालच्या तीन रांगांतच ठेवा. लाल किंवा गडद प्लॅस्टिकची नळी पिंजऱ्यात ठेवली की त्यांना आत शिरता येतं. टायमरची रात्री तपासणी कुणाच्या तरी नावावर टाका. आणि पिंजऱ्याच्या कार्डावर कप्पा आणि रांग लिहायला सांगा, म्हणजे पुढे स्लाइड बघणाऱ्याला पडताळता येईल.

सौ_वैजयंती

ताई, भावाशी बोलले. गोळ्या बंद केल्या. तपासणीला तयार आहे, पण विचारतोय की रिपोर्टमध्ये नेमकं बघायचं काय, आणि माझ्या मुलांचीही करायची का?

मृण्मयी_क

फार बरं वाटलं. रक्ताचा नमुना देताना आईवडिलांचाही देता आला तर द्या, त्याने दोन्हीकडून दोष आलाय का हे पक्कं होतं. रिपोर्टवर जनुकाचं नाव आणि त्यापुढे 'रोगकारक' किंवा 'बहुधा रोगकारक' लिहिलंय का ते बघा. 'अर्थ अनिश्चित' असं असेल तर त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका, काही वर्षांनी तोच निकाल पुन्हा तपासून घेता येतो. रिपोर्ट जनुकीय समुपदेशकाकडूनच समजून घ्या, गूगलवरून नको.

भावाचा दोष दोन्हीकडून आलेला निघाला, तुम्हाला रात्री नीट दिसत असेल आणि तुमचं लग्न नात्यात झालेलं नसेल तर मुलांना धोका फार कमी असतो. भावाचं जनुक कळल्यावर तुम्ही स्वतः वाहक आहात का एवढं आधी बघा, मुलांचं त्यानंतर. भावाने बाहेर पडताना उन्हात गडद चष्मा आणि टोपी वापरावी. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना मोतीबिंदू आहे का आणि पडद्याला मध्यभागी सूज आहे का, हे मुद्दाम विचारा. आरपीत या दोन्ही गोष्टी होतात आणि दोन्हींवर उपचार आहेत.